वर माणूस हाय

८ नोव्हेंबर २०२५, शनिवार

आज आलं ते — कडी-कोयंडा १४०, कुलूप दोन किल्ल्यांचं २१०, सुताराची मजुरी १५०, मारुतीला नारळ ३५. तेल घरचं. स्क्रू सुताराने पेटीतले जुनेच लावले, त्याचे पैसे घेतले नाहीत.

कडी आतून बसवली. आजवर या घराला कुलूप लागलं ते बाहेरून, घरात कोणी नसताना. सुताराने विचारलं, "काकू, आतून कुलूप कायले?" मी म्हटलं, मांजर येते. मांजर कधी कुलपाने अडलंय! शनिवारच्या उपासाला खोटं बोलले.

हे खाटेवर बसून सगळं बघत होते. सुतार गेल्यावर उठले, कडी धरून हिसका देऊन पाहिला. म्हणाले, "पक्की बसली." मग माझ्याकडे वळून — "आता कोणी आत येत नाही, वो बाई. झोपा बिनघोर."

९ नोव्हेंबर

कारण लिहून ठेवते. नाहीतर महिन्याभराने मलाच वाटायचं की उगीच कोंडलं.

हे वीज खात्यात लायनमन होते. रिटायर होईपर्यंत खांबावर. दोन वर्षांपासून विसरायला लागले. आधी चष्मा, मग औषध, मग सुचिताचं नाव — एकुलती एक मुलगी! — आणि या दिवाळीपासून माझं. आता मी 'वो बाई'. वाईट वाटतं. पण 'वो बाई' म्हणताना आवाजात आदर असतो, तो आधी इतका नव्हता, हेही खरं.

गुरुवारी मी शेंगा फोडत बसले होते. पंखा बंद पडला. लाइट गेली असेल म्हणून लक्ष दिलं नाही. मग गिरणीवाले किसनराव धावत आले. ह्यांनी गिरणीजवळच्या डीपीचं, म्हणजे गावाच्या फ्यूजपेटीचं, झाकण उघडून फ्यूज ओढले होते. चिनी मातीचे, पांढरे, मुठीएवढे. लायनमन लोक त्यांना किटकॅट म्हणतात. चालू लायनीतून! अर्धं गाव बंद. गिरणीत बायांचं दळण अर्धवट.

किसनराव म्हणाले, "वहिनी, आमची तं बोबडी वळली. पण बुवाचा हात नाही हालला." कोरड्या फळीवर उभे राहिले, डावा हात पाठीमागे धरला आणि उजव्याने एकेक ओढून खिशात टाकला. मुलीचं नाव गेलं, हे नाही गेलं.

मग जाऊन पुढच्या खांबाखाली उभे राहिले, वर बघत. कोणी फ्यूज मागितले की खिशावर हात. एकच बोलणं — "वर माणूस हाय."

लोकांनी वर पाहिलं. तारेवर एक पारवा होता. लोक हसले. मी गेले तेव्हाही हसतच होते.

मला हसू आलं नाही, कारण मला ती रीत माहीत आहे. लग्नानंतर पहिल्याच वर्षी ह्यांनी सांगितली होती. एक जण खांबावर चढतो, दुसरा खाली राहतो. ज्या लायनीवर काम, तिचे फ्यूज खालच्याने काढून स्वतःच्या खिशात ठेवायचे. डीपीत ठेवायचे नाहीत, कोणाच्या हाती द्यायचे नाहीत, साहेबाने मागितले तरी नाही. वरचा उतरला, पाय जमिनीला लागले, त्याने खालच्याच्या खांद्यावर हात ठेवून 'उतरलो' म्हटलं, की मगच फ्यूज परत. "खिशात किटकॅट म्हणजे माणसाचा जीव खिशात," असं म्हणाले होते. मी नवी नवरी. त्यांचा सदरा धुताना आधी खिसा चाचपायची सवय तेव्हा लागली.

त्या दिवशी मी हात धरून घरी आणलं. झोप लागल्यावर खिशातून फ्यूज काढून किसनरावांकडे दिले. उठल्यावर खिसा चाचपत बसले होते. तो चेहरा मला लिहिता येत नाही.

११ नोव्हेंबर

दिवसभर दाराशी. जेवले नाहीत.

१३ नोव्हेंबर

कडीला हिसके देऊन उजव्या हाताची सालं निघाली. हळद लावली. मारत नाहीत, शिव्या देत नाहीत. विनवतात, ते जास्त वाईट. "वो बाई, ड्युटीचा टाइम झाला. जाऊ द्या मले. माणूस वर हाय."

किल्ली माझ्या मंगळसूत्राच्या दोऱ्यात अडकवली आहे. पोथी वाचताना टोचत होती.

१५ नोव्हेंबर, शनिवार

बुलडाण्याला डॉक्टरांकडे नेलं. एसटीत खिडकीशी बसून सगळे खांब बघत गेले, खुशीत. एका ठिकाणी म्हणाले, "ताण ढिला पडला इथं." ड्रायव्हरने मान हलवली.

डॉक्टर तरुण आहेत पण ऐकून घेतात. मी विचारलं, कोंडू की सोडू? कागदावर लिहिणं थांबवून म्हणाले, "आई, कोंडलं तर बाहेर काही होणार नाही, पण ते आतून वाळतील. सोडलं तर हिंडतील-फिरतील, पण एखादे दिवशी काही होऊ शकतं. जोखीम दोन्हीकडे आहे. तुम्हाला किती झेपते ते तुम्ही ठरवा. ते मला चिठ्ठीवर लिहून देता येत नाही."

मला कोणी असं कधी विचारलं नव्हतं. किती मीठ लागतं, किती पीठ लागतं ते विचारतात. किती जोखीम झेपते?

१६ नोव्हेंबर

तेच डोक्यात.

मी भितरी. सगळे म्हणतात, मीही म्हणते. गॅसचं बटण बंद केलं तरी परत जाऊन बघते. एसटी नजरेआड झाल्याशिवाय रस्ता ओलांडत नाही. लग्नाघरचं पाणी पीत नाही. सगळे पैसे पोस्टात, दुसरीकडे जास्त मिळतात तरी. मॅट्रिकनंतर मास्तर घरी आले होते, पोरीला डी.एड.ला पाठवा म्हणून. वडिलांच्या आधी मीच नको म्हटलं — बुलडाण्याला एकटी राहू कशी?

आणि हीच मी लायनमनच्या घरी नांदले. वडिलांनी शेतीवाला मुलगा नाकारला होता. शेतीचा भरवसा नाही म्हणाले, पक्की नोकरी पाहून दिली. पगार दिसला, खांब दिसला नाही.

मग मी त्या सगळ्या वर्षांत केलं काय? डबा दिला. शनिवार धरले. पावसाळ्यात वीज कडाडली की देवापुढे बसले. जोखीम ह्यांची आणि भीती माझी, अशी वाटणी होती. घाबरले की माझं काम झालं असं वाटायचं. ठरवायचं कधीच काही नव्हतं.

आता दोन्ही माझ्याचकडे. किल्ली गळ्यात.

२० नोव्हेंबर

सुचिता आली, संभाजीनगरहून, एका दिवसाची रजा काढून. ह्यांनी तिला ओळखलं नाही, पण चहा द्यायला सांगितला. "मॅडम लांबून आल्या." ती न्हाणीत जाऊन रडून आली.

मी म्हटलं, कुलूप काढावं म्हणते. रोज सकाळी हात धरून नेईन.

ती म्हणाली, "आई, दूध झाकल्याशिवाय तू उठत नाहीस. आणि बाबांना मोकळं सोडतेस?"

मी म्हटलं, दुधाला बाहेर जावंसं वाटत नाही.

तिला राग आला. म्हणाली, उद्या काही झालं तर फोन मला येणार. ऑफिसात, चार माणसांत. तो फोन मी घ्यायचा, तू नाही. हेही खरं आहे. तिला किती झेपतं तेही धरायला पाहिजे, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. जाताना तिने वचन मागितलं, कडी लावून ठेवीन म्हणून. दिलं.

ह्यांच्या गळ्यात घालायला एक पट्टी आणली आहे तिने, नाव आणि फोन नंबर लिहिलेली. हे म्हणाले, "आयकार्ड आलं. बरं झालं, जुनं हरवलं होतं."

२३ नोव्हेंबर

वचन मोडलं.

सकाळी ह्यांनी दाराला हात लावला नाही. दाराकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसले. चहा निवला, साय धरली. 'ड्युटी'ही म्हणाले नाहीत. मला हिसके चालले असते.

किल्ली काढली. हात धरून बाहेर नेलं. वाळवणावरून पाय टाकताना त्यांनीच मला सावरलं.

२५ नोव्हेंबर

रोज जातो. मारुतीपर्यंत, तिथून हरभऱ्याच्या कडेने खांबा-खांबाने. प्रत्येक खांबाला हात लावतात, जसे आपण पारावरच्या माणसांना रामराम करतो. मला शिकवतात. "खांबाजवळ गेलं की एक हात मागं. दोन हात कधी पुढं नाही करायचे." मी करते. जुन्या ओळखीच्या शालूबाई पाहत्या तर हसल्या असत्या — दोन म्हातारे पाठीमागे हात धरून चाललेत.

छाती धडधडते, नाही असं नाही. पण भूक लागते मला. बऱ्याच दिवसांनी.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घट मांडला होता, पूजा सोडून उठता येईना. हे दाराशी उभे. म्हटलं, मारुतीपर्यंतच ना, रोजचा रस्ता. मीच कडी काढली. कोणी चुकून नाही काढली, मी काढली. हे मुद्दाम लिहिते.

आरती व्हायच्या आत लाइट गेली. मी निरांजन तसंच टाकून पळाले.

या वेळी कोणी हसत नव्हतं. गिरणीतला एक माणूस ह्यांच्या खिशात हात घालत होता. हे खिसा दाबून खाली बसले होते, गुडघा फुटला होता, पट्टी पाठीवर गेली होती. ओरडत होते, "माणूस मारता का बे? वर माणूस हाय!"

अविनाश आला, सध्याचा लायनमन. त्याने आधी त्या माणसाला बाजूला केलं. मग ह्यांच्यापुढे उभा राहून म्हणाला, "काका, मी चढलो होतो. पाहा आता." खरंच खांबावर चढला, पट्टा बांधून. वर थांबला, उतरला, ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, उतरलो."

ह्यांनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. म्हणाले, "तू उतरला. माणिक कुठी हाय?"

अविनाशला काही कळलं नाही. मला कळलं.

२८ नोव्हेंबर

माणिकराव ह्यांचे जोडीदार. सुचिता तेव्हा दुसरीत होती. एका गावात लायनीचं काम होतं. माणिकराव वर, हे खांबाखाली, फ्यूज ह्यांच्या खिशात. सगळं रीतीप्रमाणे. डीपी लांब, गावाच्या दुसऱ्या टोकाला. तिथे उभा राहणारा तिसरा माणूस त्या दिवशी रजेवर होता. गावात लग्न होतं, नवरदेव पारावर येऊन थांबलेला, बँड तयार, माइक बंद. कोणीतरी डीपीशी गेलं. फ्यूज नाहीत म्हणून त्या जागी तांब्याची तार खोवली — गावोगाव खोवतात तशी. कोणाच्या मनात पाप नव्हतं. माइक पाहिजे होता.

ह्यांनी स्वतः वर चढून माणिकरावांना खांद्यावर घेऊन उतरवलं. घरी आले तेव्हा फ्यूज खिशातच होते. "जीव खिशात असून गेला," असं एकदाच म्हणाले. पुढे कधी विषय नाही. मीही काढला नाही.

आता मधली सगळी वर्षं पुसली गेलीत आणि तेवढंच राहिलंय. माणिकराव वर आहेत. अजून उतरले नाहीत.

२९ नोव्हेंबर, शनिवार

अविनाशने डीपीला नवीन फ्यूज घातले, झाकणाला कुलूप लावलं. जुने तीन ह्यांच्या खिशातच राहू दिले. "राहू द्या काकू, त्याइचा जीव थंड राहील." किसनराव येऊन म्हणाले, वहिनी, मी ओळखीचा म्हणून गप बसलो, सगळे बसणार नाहीत, आणि वर हेही म्हणाले, की पुढच्या वेळी दळण तुमच्याकडून हाताने दळून घेईन. मी म्हटलं, जातं आहे घरी, पाठवा.

सुचिताला फोन केला. सगळं सांगितलं, कडी मीच काढली तेही. मग म्हणाली, "जेवली का तू?"

४ डिसेंबर

डीपी बंद झाली म्हणून भीती कमी झाली म्हणावं, तर दुसरंच सुरू. हे उजाडताच जातात आणि त्या खांबाखाली उभे राहतात. बसत नाहीत. भाकर नेली तर उभ्यानेच, वर बघत, दोन घास. ऊन नाही, थंडी नाही. माणिकरावांशी बोलतात — सावकाश कर, घाई नको, पोरगी कशी हाय तुही. संध्याकाळी मी ओढून आणते तेव्हा मागे वळून बघत येतात. पायांना सूज.

मला किती झेपतं ते आता कळतंय. ते पडतील, हे झेपतं. ते माझ्याआधी जातील, हेही कसंबसं. पण कोणी उतरायची वाट बघत उभे उभे संपतील — हे नाही.

६ डिसेंबर, शनिवार

आज सांगून पाहिलं. जवळ जाऊन म्हटलं, अहो, माणिकराव उतरले.

माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमी पाह्यलं?"

मारुतीचा वार. समोर देवळाचा कळस. माझी जीभ उचलली नाही. हे परत वर बघायला लागले.

८ डिसेंबर

शालूबाईंना कार्ड टाकलं. माणिकरावांच्या मंडळी, जळगाव जामोदला मुलाकडे असतात. कानाने फोन ऐकू येत नाही, म्हणून आमचं कार्डावरच चालतं. दर संक्रांतीला तिळगुळाचं एक, त्यांचं एक. माणिकरावांचं नाव त्यात कधी आलं नाही.

आज लिहिलं. ह्यांचं सगळं लिहिलं. तुम्ही येऊन सांगाल का, उलट टपाली कळवा, असं लिहिलं. पेटीत टाकताना हात अडला. माझा माणूस सुटावा म्हणून तिच्या बुजलेल्या जागी बोट घालायचं? ती मोडली तर? आयुष्यात कधी लॉटरीचं तिकीट घेतलं नाही मी. आणि आज दुसऱ्या बाईचं काळीज डावावर लावलं, न विचारता.

टाकलं.

१५ डिसेंबर

कार्ड आलं. एकच शब्द. "येते."

१८ डिसेंबर, गुरुवार

दोन गाड्या बदलून आल्या. किती वाळल्यात! पिशवीत माझ्यासाठी केळी. पाणी प्यायल्या, म्हणाल्या, कुठी हायेत ते?

खांबाशी नेलं. ह्यांनी पदर बघून बाजूला होऊन वाट दिली, आणि परत वर नजर. शालूबाईंना कमी ऐकू येत असल्यामुळे त्या मोठ्याने बोलतात. गिरणीची घरघर होती तरी ऐकू गेलं.

"भाऊजी, मी माणिकची घरवाली."

हे दचकले. "वयनी, तुमी इकडं कायले आल्या? त्याचं काम बाकी हाय. संध्याकाळी येते तो."

"ते उतरले भाऊजी. तवाच उतरले."

"कोणी पाह्यलं?"

"मी पाह्यलं. तुमीच उतरवलं त्याईले. खांद्यावर घेऊन. माह्या दारात आणून दिलं."

मला वाटलं होतं त्या खोटं बोलतील, बरं वाटावं म्हणून. एक अक्षर खोटं नव्हतं.

ह्यांचा उजवा हात डाव्या खांद्याकडे गेला. तिथे बराच वेळ राहिला. काय वजन आठवलं त्या खांद्याला, देव जाणे. मग खिशात हात घालून एकेक फ्यूज काढला आणि शालूबाईंच्या ओंजळीत ठेवला. शेवटचा देताना म्हणाले, "माह्याजवळच होते. मी कोणाले दिले नव्हते, वयनी."

"मले माहीत हाय," त्या म्हणाल्या. "मले पयल्यापासून माहीत हाय."

मग हे खाली बसले. किती दिवसांनी बसले. आणि रडले, गिरणीसमोर, लहान मुलासारखे. किसनरावांनी चक्की थांबवली.

शालूबाईंनी फ्यूज पदरात बांधून नेले. स्टँडवर मी माफी मागायला तोंड उघडलं तर माझा हात दाबून म्हणाल्या, "बरं केलं बोलावलं. आजलोक मले कोणी विचारलंच नव्हतं, ते उतरले का म्हणून."

२५ डिसेंबर

हे जात नाहीत आता. दार सताड उघडं असतं. ओट्यावर बसतात, ऊन खातात, दोन भाकरी जेवतात. लाइट गेली तरी वर बघत नाहीत. पायाची सूज उतरली. सुचिता फोनवर हसली.

कुलूप खिळ्याला टांगलं. सगळं मला पाहिजे होतं तसं झालं. मग संध्याकाळी मी दाराशी जाऊन उभी का राहते? मीच म्हटलं, चला, मारुतीला जाऊन येऊ. म्हणाले, "कायले? काम झालं."

७ जानेवारी २०२६

आज बाजार. तीळ ९०, गूळ ४५, शालूबाईंसाठी हलव्याची पुडी २०.

आज पहिल्यांदा घरातून निघताना मागे वळून पाहिलं नाही. गॅसचं बटणही एकदाच पाहिलं. बाजारात चिंच खाल्ली, उघड्यावरची! बायांशी बोलत उभी राहिले. जिवाला अगदी स्वस्थ वाटत होतं.

आले तर दारात माणसं. हे न्हाणीत घसरले. फरशी कोरडी होती, साबण जागच्या जागी. खांब नाही, तार नाही — आपली न्हाणी. जिथे मी कधी भ्यालेच नाही. किसनरावांनी गाडी काढली आहे. बुलडाण्याला निघतो.

१२ जानेवारी

दवाखाना. खुब्याचं हाड गेलं होतं, आता छातीत कफ भरला. सुचिता आली आहे, औषधांचं तीच बघते. मला वाटलं म्हणेल, कडी लावून ठेव म्हटलं होतं ना. तसं काही म्हणाली नाही. कडीचा काय संबंध, न्हाणी कडीच्या आतच होती.

दुपारी डोळे उघडले. छताच्या पंख्याकडे बघत विचारलं, "खाली कोण हाय?"

मी म्हटलं, मी आहे.

"कोण मी?"

"सरस्वती."

"सरस्वती," म्हणून पाहिलं. "किटकॅट?"

माझ्या हाती बाजाराची पिशवी होती. म्हटलं, माझ्याजवळ आहेत. शनिवार नव्हता आज. असता तरी म्हटलं असतं.

"जागा सोडू नको, सरस्वती."

"नाही सोडत."

नाव घेतलं. दोनदा.

२७ जानेवारी

काल तेरवी झाली. शालूबाईंना कार्ड टाकायचं आहे, मजकूर आधी इथे उतरवते —

हे संक्रांतीच्या दिवशी गेले, त्यामुळे तिळगुळाचं कार्ड पाठवता आलं नाही. सुचिता हिशेबाच्या खिडकीशी होती. नर्सबाईंनी इंजेक्शन आणायला मला खाली पाठवलं. मी जागा सोडली. वर आले तर तोंडावरून चादर ओढलेली होती. मी पाहिलं नाही शालूबाई. तुम्हीही पाहिलं नाही, ते मला ठाऊक आहे. तरी 'उतरले' एवढं एक लिहून पाठवा. खोटं असलं तरी चालेल. उलट टपाली कळवा.